जावईबापू इम्पॅक्टेड

कंपनीचं काही खरं नाही हे बाजाराला शेअरच्या भावावरून कळतं आणि आम्हाला पँट्रीतल्या बिस्किटांवरून. आधी काजूची बिस्किटं जातात, त्यांच्या जागी ग्लुकोजची येतात. मग ग्लुकोजचीही जातात आणि त्यांच्या जागी एक सूचना येते, की पर्यावरणाचा विचार करून आपण पॅकेटबंद खाद्यपदार्थ थांबवत आहोत. पाठोपाठ टिश्यू पेपर पर्यावरणाला अर्पण होतो. कॉफीचं मशीन दुरुस्तीला म्हणून जातं ते येतच नाही. लोणावळ्याची ऑफसाइट चौथ्या मजल्यावर होते. एवढं करूनही ताळेबंद जुळत नाही असं दिसलं, की मग माणसं.

हिंजवडीत केस पांढरे केलेल्या मला हा क्रम तोंडपाठ होता. मी नोकरी शोधत होतो तेव्हा डॉटकॉमचा फुगा नुकताच फुटलेला होता. २००८च्या सप्टेंबरात तिकडे न्यूयॉर्कमध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली आणि इकडे आमची वेतनवाढ बुडाली. कोविडात तर आधी सगळे घाबरले आणि मग इतकी भरती झाली, की मुलाखतीला आलेला मुलगा आम्हालाच प्रश्न विचारायचा. या सगळ्यातून मी वाचलो, त्यामुळे माझ्यात काहीतरी विशेष असावं असा माझा समज झाला होता. २०२५च्या जुलैत देशातल्या सगळ्यात मोठ्या आयटी कंपनीने २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून जास्त माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. बातमीत पुढे होतं, की कपात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीत होईल. आमची कंपनी वेगळी, पण फळ्या सगळीकडे सारख्याच. मी मधला. इतका मधला, की माझ्यावर किती आणि माझ्याखाली किती हे सांगायला मला पोर्टल उघडावं लागायचं.

माझा हुद्दा सीनियर डिलिव्हरी मॅनेजर. खालच्यांनी काय केलं ते वरच्यांना सांगायचं आणि वरच्यांना ते का आवडलं नाही ते खालच्यांना सांगायचं, असं कामाचं स्वरूप. आपल्यावाचून कंपनीचं अडलं पाहिजे या हेतूने मी तयारीला लागलो. उशिरापर्यंत थांबू लागलो, पण एसी सातला बंद होत असल्यामुळे घामाघूम होऊन एकटाच बसलेला मी निष्ठावान कमी आणि आजारी जास्त दिसायचो. मग एआयचा कोर्स केला आणि त्याचं सर्टिफिकेट लिंक्डइनवर टाकलं. ज्यांनी त्याला अंगठे दिले ते सगळे तोच कोर्स करत होते. शेवटी एका रात्री मी त्या एआयलाच माझ्या रोजच्या कामांची यादी दिली आणि विचारलं, यातलं काय काय तुला जमेल? त्याने यादीतल्या जवळजवळ प्रत्येक कामापुढे बरोबरची खूण केली. मी विचारलं, मग माझ्यासाठी काय उरलं? तो म्हणाला, मीटिंगला हजर राहणं. आणि खाली अदबीने विचारलं, हवं असल्यास त्यातही मदत करू का?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शुक्रवारी दुपारी साडेचारला कॅलेंडरवर 'क्विक कनेक्ट' उगवलं. पंधरा मिनिटं. खोली, पुरंदर.

आमच्याकडे मीटिंगच्या खोल्यांना किल्ल्यांची नावं आहेत. वेतनवाढ राजगडावर, ग्राहक आले की सिंहगडावर, आणि हे असलं काही असलं की पुरंदरावर. नावं देणाऱ्याला इतिहास येत असणार. १६६५ साली महाराजांना २३ किल्ले सोडावे लागले ते पुरंदरच्याच तहात. त्यांच्याकडे निदान बारा उरले होते.

आत एचआरची एक मुलगी बसली होती. पंचविशीची असेल. समोर लॅपटॉप, पाण्याची बाटली आणि टिश्यूचा अख्खा डबा. म्हणजे कंपनीत टिश्यू पेपर होता! तो वाचवून कुठे नेला जात होता याचा त्या क्षणी उलगडा झाला. तिने घसा साफ केला आणि सुरुवात केली, "सर, तुमचं कंपनीतलं योगदान मोलाचं आहे. आजचं हे संभाषण तुमच्या कामगिरीबद्दल नाही..."

वाक्य ओळखीचं वाटलं. पुढचंही वाटलं. तिसऱ्या वाक्याला लख्ख आठवलं. मागच्या फेरीच्या वेळी 'कठीण संभाषणांसाठी मार्गदर्शक मसुदा' तयार करायला जी समिती नेमली होती तिच्यात मी होतो. मूळ मसुदा फार रूक्ष होता, त्याला मानवी स्पर्श देण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. 'मोलाचं' हा शब्द माझा होता. त्याबद्दल मला 'स्पॉट अवॉर्ड' म्हणून पाचशे रुपयांचं कूपनही मिळालं होतं.

मुलगी दुसऱ्या परिच्छेदात अडकली. स्क्रीनवर वर-खाली करू लागली. "तर सर, व्यवसायाच्या... म्हणजे बदलत्या..."

"व्यवसायाच्या बदलत्या गरजांच्या अनुषंगाने," मी म्हणालो.

"थँक्यू सर. ...गरजांच्या अनुषंगाने काही भूमिका इम्पॅक्टेड होत आहेत आणि तुमची भूमिका त्यापैकी एक आहे." एवढं म्हणून ती थेट राजीनाम्याच्या कागदाकडे वळली.

"इथे दहा सेकंद थांबायचं असतं," मला राहवलं नाही. "समोरच्याला बोलू द्यायचं. कंसात दिलंय बघ."

तिने पाहिलं. कंसात होतं. ती थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. आता बोलायची पाळी माझी होती आणि मला काही सुचेना, कारण मसुद्यात बोलणाऱ्याची सगळी वाक्यं मी घोटून घोटून लिहिली होती, पण समोरच्याची लिहिलीच नव्हती. त्या दहा सेकंदांत समोरचा काय म्हणेल यावर समितीत चर्चाही झाल्याचं आठवेना. "बरं," मी म्हणालो. मग तीच रडायला लागली. तिची ही पहिलीच फेरी होती आणि सकाळपासून तिने बरेच पुरंदर केले होते. मी टिश्यूचा डबा तिच्याकडे सरकवला, "होतं असं पहिल्यांदा," वगैरे म्हणालो, आणि ती शांत झाल्यावर 'वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने' असं लिहिलेल्या कागदावर सही केली. तिला आणखी त्रास नको म्हणून. शिष्टाचाराच्या बाबतीत मी फार पक्का आहे.

घरी जाऊन बायकोला कसं सांगायचं याचाही मसुदा मी गाडीत करत होतो. ती एका विनाअनुदानित कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. मी 'मोलाचं योगदान' पर्यंत आलो तेव्हा तिने कुकरचं झाकण लावत विचारलं, "काढलं ना?"

"इम्पॅक्टेड," मी म्हणालो.

"अरे, मला दर एप्रिलमध्ये काढतात आणि जुलैत परत घेतात. तेही वर्कलोड भरला तर. मला कुणी टिश्यू दिला होता का कधी?" मग जरा थांबून म्हणाली, "हात धू, पानं घेते."

गेली कित्येक वर्षं मी या बाईला 'कशाला करतेस ती नोकरी, पेट्रोलचे तरी सुटतात का' असं दर महिन्याला ऐकवत आलो होतो. तिचे पैसे आम्ही 'वरचे' म्हणायचो. आता वरचे तेच खालचे झाले.

नोटिशीच्या काळात मला पहिला शोध लागला तो असा, की कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवसाच्या रात्री बारापर्यंतच चालतो. झालं. ज्या घरात ताप आला तरी 'बघू दोन दिवस' म्हणायची पद्धत होती, तिथे दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. आईच्या गुडघ्याचा एमआरआय. माझ्या घोरण्याची तपासणी. मुलाच्या अक्कलदाढेने तेवढं सहकार्य केलं नाही. साताऱ्याकडून, पाटण तालुक्यातल्या गावाहून, सासऱ्यांना मोतीबिंदूसाठी बोलावून घेतलं. नाना म्हणत होते, सुगी आटपू द्या, दिवाळीनंतर बघू. आम्ही म्हटलं, नाही, याच महिन्यात. डॉक्टरांना मी दोन्ही डोळ्यांचं एकदमच करता येईल का विचारलं. ते म्हणाले, मध्ये थोडे दिवस जाऊ द्यावे लागतात. ते थोडे दिवस नेमके माझ्या शेवटच्या दिवसाच्या पलीकडे गेले. त्यामुळे नानांचा उजवा डोळा कंपनीने केला आणि डावा माझ्या खिशात राहिला.

नाना गिरणीतले. लोअर परळला साचे चालवायचे. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे जे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले त्यांत हे एक. संप लांबला, गिरणी गेली, नाना गावी आले, म्हशी घेतल्या. पोरीला मात्र कधीही बंद न पडणाऱ्या ठिकाणी द्यायची हा त्यांचा निश्चय होता आणि कॉम्प्युटर ही त्यांच्या मते तशी जागा होती. या एका मुद्द्यावर माझं लग्न जमलं. तेव्हा त्यांना सांगण्याचा प्रश्नच नव्हता. पण ज्या माणसाने गिरणीच्या दाराला लागलेली नोटीस लांबून वाचली आहे त्याला हिरवी पट्टी लावलेल्या एका डोळ्यानेही पुष्कळ दिसतं.

"जावईबापू, युनियन काय म्हणतेय?" तिसऱ्या दिवशी त्यांनी चहा पिता पिता विचारलं.

मी म्हटलं, आमच्यात तसं नसतं. खरं तर असतं. पुण्यात आयटीवाल्यांची संघटना आहे, ती कामगार आयुक्तांकडे तक्रारी घेऊन जाते. तिची पत्रकं टीममध्ये फिरायला लागली तेव्हा 'अशा गोष्टींनी करिअरवर परिणाम होतो' ही मेल मीच पाठवली होती.

"सालाला पंधरा दिवसांचा पगार दिला का? कायद्यात आहे. आणि शेवटी लागलेला आधी काढायचा असतो. तुमच्यामागून लागलेले किती शिल्लक आहेत?"

मी त्यांना समजावलं, की १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातलं ते कलम कामगारांसाठी होतं. आता नवी संहिता आली तरी तत्त्व तेच. मी कामगार नाही, मॅनेजर आहे. हे सांगताना माझी मान किंचित ताठ झाली असावी.

"माणूस लावता येतो तुम्हाला?"

"नाही, ते एचआर करतं."

"काढता?"

"तेही एचआर."

"रजा मंजूर करता?"

"ती पोर्टलवर आपोआप होते."

"आमच्यातला जॉबर माणूस लावायचा आणि काढायचापण," नाना म्हणाले. "तुम्ही मॅनेजर कशाचे?"

मॅनेजर होण्यासाठी मी जेवढी धडपड केली होती तेवढी आयुष्यात दुसऱ्या कशासाठी केली नव्हती. बढतीचं पेढ्यांचं खोकं याच नानांना नेऊन दिलं होतं. त्या व्हिजिटिंग कार्डाने पगारात फार भर घातली नाही, पण मला कायद्याच्या छपराखालून अलगद बाहेर आणून उभं केलं. कार्डावर काय छापलंय यापेक्षा माणूस प्रत्यक्षात काय काम करतो हे कोर्ट बघतं, म्हणजे नानांच्या प्रश्नांवर मी कामगार ठरण्याची बऱ्यापैकी आशा होती. ते म्हणालेही तसं. "चला उद्या आयुक्तांकडे. मी येतो."

"नाना, मी राजीनामा दिलाय. स्वेच्छेने."

नानांनी काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका सांगितलं होतं. "सही केलीत?"

"ती मुलगी रडत होती."

चष्मा परत चढवून ते बराच वेळ गॅलरीतून खाली बघत राहिले. मग म्हणाले, "आमचा संप अजून कुणी मागे घेतलेला नाही. म्हणजे तसं बघायला गेलं तर मी अजून संपावर आहे. आणि तुम्ही पंधरा मिनिटांत सही करून आलात."

मी विषय ग्रॅच्युइटीकडे वळवला. तिथे निदान मॅनेजर-कामगार भेद नाही. तेव्हाच्या नियमाने शेवटच्या महिन्याच्या मूळ पगाराला २६ने भागायचं, १५ने गुणायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. गणित उत्तम होतं, फक्त मूळ पगार मोठा हवा होता. माझ्या पगारात स्पेशल अलाउन्स, फ्लेक्सी, पर्क्स अशा फांद्याच फार होत्या, मूळ बेताचं. पीएफचं तर काही विचारूच नका. आधारवर आणि पीएफच्या खात्यात वडिलांच्या नावात एका 'ए'चा फरक निघाला, आणि कैलासवासी वडील एक 'ए' लावत की दोन, हे सिद्ध करायचं माझ्यावर आलं. सरकारी मदतीचीही मी चौकशी करून पाहिली. बेकार झालेल्याला काही दिवस निम्मा पगार देणारी अटल योजना आहे, पण ती ईएसआयवाल्यांची. तिथे महिना २१ हजारांच्या आत पगार लागतो. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ला केला, देशाच्या कितीतरी आधी. पण त्याला राहणं ग्रामीण भागात हवं. ज्या हिंजवडीने मला काढलं ती तेव्हा ग्रामपंचायतीत होती आणि ज्या वाकडमध्ये मी हप्ता भरतो ते महापालिकेत. म्हणजे ऑफिसातच राहत असतो तर निदान अर्ज तरी करता आला असता.

शेवटचा दिवस होऊन गेला आणि सोसायटीचा प्रश्न उभा राहिला. दहा मजल्यांची इमारत, त्यात डॉक्टर दोन, बाकी आयटी. दुपारी घरी असलेला माणूस वर्क फ्रॉम होम आहे असंच धरून चालतात, ते टिकवणं भाग होतं. म्हणून मी अकरा वाजता भाजीला उतरताना गळ्यात हेडफोन अडकवू लागलो. तो लॅपटॉपला जोडायचा होता. त्याची वायर मी खिशात सोडायचो.

एकदा मी कोथिंबीर निवडत होतो. सातव्या मजल्यावरचे एक गृहस्थ समोरून हेडफोन घालूनच येताना दिसले. मी ताबडतोब बोलायला सुरुवात केली, "यस, यस, बट व्हॉट इज द ईटीए?" तेही जोरात म्हणाले, "लेट्स टेक इट ऑफलाइन." आम्ही एकमेकांना हात केला आणि कानाकडे बोट दाखवून दिलगिरी व्यक्त केली. ते मेथी घेऊ लागले. मी हलेना, कारण माझे सुट्टे यायचे होते, आणि ते हलेनात, कारण त्यांची मेथी मापात होती. तेव्हा आम्ही दोघंही शेजारी शेजारी उभे राहून आपापल्या क्लायंटशी बोलत राहिलो. ते क्यू फोरच्या आकड्यांवर आले. मी जोखमीच्या नोंदवहीपर्यंत गेलो. एवढ्यात माझ्या खिशातून वायर निसटली आणि तिचं टोक भाजीच्या गाडीवर, वांग्यांमध्ये पडलं. सातव्या मजल्याने ते पाहिलं. बोलता बोलता ते थांबले. मग त्यांनी आपल्या हेडफोनची वायर खिशातून काढून दाखवली.

"कधी?" मी विचारलं.

"मार्चमध्ये. तुम्ही?"

"आत्ताच. तुमचंही पुरंदर?"

"आमच्याकडे नद्यांची नावं आहेत," ते म्हणाले. "मुळामुठा."

भाजीवाल्या मावशींनी दोघांनाही कढीपत्ता फुकट दिला. त्यांना कधीपासून माहीत होतं कोण जाणे.

नोकरी शोधायला लागलो तेव्हा जुन्या ओळखी काढणं आलं. मी ज्यांना ज्यांना फोन केले त्यांतले अर्धे मलाच माझ्याकडे काही आहे का विचारत होते. अखेर बाणेरच्या एका छोट्या कंपनीतून बोलावणं आलं. मालक समोर आला आणि माझ्या पोटात गोळा आला. हा पोरगा माझ्या टीममध्ये होता. हुशार. पण बेल कर्व्ह भरायचा होता आणि तळाला कुणीतरी लागतं, म्हणून मी त्याला 'अपेक्षेपेक्षा कमी'मध्ये बसवलं होतं, आणि 'तुझ्यात नेतृत्वगुण नाहीत' असं कारण दिलं होतं.

"सर, तुमच्यामुळेच मी नोकरी सोडली," तो हसून म्हणाला. यात उपरोध होता की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मग त्याने विचारलं, "सर, सध्या स्वतःच्या हाताने काय करता?"

"टीम चालवतो," मी म्हणालो.

"आमच्याकडे टीम अशी नाही. सहा माणसं आणि चाळीस एजंट."

मी मागे वळून पाहिलं. "एजंट फिल्डवर असतात का?"

त्याने संयमाने समजावलं, की एजंट म्हणजे एआयचे. ते कोड लिहितात, तपासतात, अहवाल देतात, रजा मागत नाहीत. मी उठायच्या बेतात होतो. तेव्हा तो म्हणाला, "एक काम आहे, सर. ग्राहक चिडतो ना, तेव्हा त्याला एजंटवर चिडून समाधान मिळत नाही. एजंट लगेच माफी मागतो, फार छान मागतो, आणि त्याने ग्राहक आणखी भडकतो. त्याला समोर माणूस लागतो. वयस्कर, टाय लावलेला, गंभीर. जो शांतपणे ऐकून घेईल आणि मध्येमध्ये म्हणेल की तुमचं म्हणणं मोलाचं आहे."

एवढ्या वर्षांच्या अनुभवाची इतकी नेमकी कदर आजवर कुणी केली नव्हती. मी पगाराचं विचारलं.

"पगार असा नाही, सर. जेवढे कॉल, तेवढे तास. तासाप्रमाणे बिल द्यायचं. आधी तीन महिने, मग वर्कलोड बघून पुढे."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा बायको उत्तरपत्रिका तपासत होती. तिने लाल पेन खाली ठेवलं आणि इतकी हसली, की आई गुडघा धरून बाहेर आली. मग उठून कपाटातून एक जुनी फाइल काढली आणि मला समोर बसवलं.

"हे बघ. तास रोजच्या रोज लिहायचे, आठवड्याने आठवत नाहीत. सही त्याच दिवशी घ्यायची. बिल दोन प्रतींत, आणि स्वतःची झेरॉक्स वेगळी, कारण पहिलं बिल हमखास हरवतं. दुसऱ्या महिन्यात पैशाचं विचारायचं नाही, वाईट दिसतं. चौथ्यात विचारायचं. आणि कँटीनमध्ये कायमवाल्यांच्या टेबलावर बसू नकोस, ते वेतन आयोगावर बोलतात."

"आमच्यात वेतन आयोग नसतो," मी म्हणालो.

"मग बस," ती म्हणाली.

नाना आतल्या खोलीतून ऐकत होते. "जावईबापू," ते तिथूनच म्हणाले, "या खेपेला कागद आधी घरी आणा. मी वाचतो. एक डोळा झालाय आता."